हॅम परवान्याची परीक्षा: तयारीची सुरुवात कानापासून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याजवळ राहता, ज्युनिअर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवता आणि विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. तेरा वर्षांच्या लेकीला हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याची, गोडी लागली आणि आता दोघींनी मिळून परीक्षेला बसायचं ठरवलंय. हातात तीन महिने आहेत. रिस्ट्रिक्टेड ही खालची ग्रेड द्यावी की थेट वरची जनरल, मोर्स ही ठिपके-रेघांची संकेतलिपी या वयात जमेल का, आणि उतरवून घेतलेले प्रश्नसंच पाठ करून भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

ताई, पहिल्यांदा लेकीचं सांगतो. वयाची अट १२ वर्षांची आहे, तेव्हा ती खुशाल बसू शकते. आणि दोघी एकत्र अभ्यास करणार ही तुमची सगळ्यात जमेची बाजू आहे. या परीक्षेत जे शिकायचं ते शेवटी दोन माणसांत बोलायचंच शिक्षण आहे, एकट्याने वाचून ते अर्धंच अंगी लागतं.

मी बावीस वर्षं हवेवर आहे आणि त्यातली बरीच वर्षं परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवतोय. पहिल्या खेपेला मी स्वतः नापास झालो होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हातात होता, त्यामुळे तांत्रिक भाग सोपा गेला. नियमांचं पुस्तक मात्र मी आदल्या रात्री चाळलं. त्या भागात ५० पैकी १७ गुण पडले. एकूण गुण पुरेसे होते, पण प्रत्येक भागात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, हे मी मनावरच घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: वही उघडायच्या आधी रेडिओ ऐकायला लागा. ऐकलेलं असलं की नियम का आहेत ते कळतं आणि तांत्रिक प्रश्नांमागे काहीतरी खरंखुरं दिसायला लागतं.

परीक्षेचं स्वरूप असं. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा हे प्रमाणपत्र देते, त्याला अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट म्हणतात. लेखी परीक्षेचे दोन भाग: रेडिओ तंत्र आणि नियम, प्रत्येकी ५० गुण. रिस्ट्रिक्टेडसाठी प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलसाठी ५० आणि ५५. जनरलला त्यावर मोर्सची चाचणी असते, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घेणं आणि पाठवणं दोन्ही. परीक्षा वायरलेस मॉनिटरिंगची केंद्रं घेतात. मुंबईतलं केंद्र बोरिवलीला गोराई रोडवर आहे, दुसरं नागपूरला. अर्ज सरल संचार पोर्टलवरून भरायचा; फी आणि चालू वेळापत्रक तिथेच पाहा, कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

आता रिस्ट्रिक्टेड की जनरल? तीन महिन्यांत, विज्ञानाची पार्श्वभूमी नसताना, माझं स्पष्ट मत रिस्ट्रिक्टेडच्या बाजूने आहे. शॉर्टवेव्हवर त्यात ५० वॉटपर्यंत परवानगी मिळते, जनरलला ४०० वॉट. आठपट फरक ऐकून लोक बिचकतात. पण आठपट शक्ती म्हणजे ९ डेसिबल. रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरचा एक एस-युनिट ६ डेसिबलचा. म्हणजे समोरच्याच्या मीटरवर काटा फक्त दीड घर वर सरकेल. मी स्वतः ५० वॉट आणि एका साध्या तारेवर अनेक देशांशी बोललोय. अँटेना नीट टांगली तर हे दीड घर सहज भरून निघतं. तेव्हा आधी रिस्ट्रिक्टेड पास व्हा, व्हीयू ३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचं तुमचं ओळखनाव) घ्या, हवेवर या. जनरलचा व्हीयू २ नंतर. मोर्स मात्र आजपासूनच रोज थोडं सुरू करा. त्याच्याकडे खाली येतो.

ऐकायचं कसं, कारण तुमच्याकडे अजून काहीच यंत्र नाही? नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने इंटरनेटवर एक रिसीव्हर खुला ठेवलाय, त्याला वेबएसडीआर म्हणतात. मोबाइलच्या ब्राउझरवर उघडतो, पैसे लागत नाहीत. ७ आणि १४ मेगाहर्ट्झचे पट्टे लावून रोज वीस मिनिटं ऐका. ७ वर लोअर साइडबँड, १४ वर अपर साइडबँड (म्हणजे सिग्नलची खालची किंवा वरची एकच बाजू), ही जगभरची प्रथा आहे. चुकीची बाजू लावलीत की माणसाचा आवाज बदकासारखा येतो, योग्य लावली की मोकळा होतो. सिंगल साइडबँड म्हणजे काय, यावरचे प्रश्न नेहमी येतात, आणि हा बदक-आवाज एकदा कानाने सरळ केलेला माणूस ते कधी चुकत नाही. थोडा खर्च करायची तयारी असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचं छोटं डोंगल लॅपटॉपला लावून घरच्या घरी व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेचे पट्टे) ऐकता येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलतात. लेकीला ते नक्की ऐकवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: परवाना हातात येईपर्यंत ऑनलाइन मिळणारी चिनी हँडी (हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा सेट) घेऊ नका. ऐकण्यापुरतीच वापरू म्हणून लोक घेतात आणि एक दिवस बटण दाबलं जातं. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि ज्या परीक्षेची तयारी करताय तिचा अर्धा भाग नेमका याच जबाबदारीवर आहे.

तांत्रिक भागाची धास्ती घेऊ नका. अकाउंटन्सी शिकवणाऱ्या माणसाला यातलं बरंच आधीपासून येतं. कर्चहॉफचा पहिला नियम घ्या: तारांच्या जोडावर जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो. ही आवक-जावकच आहे, जमा आणि नावे जुळलीच पाहिजेत. डेसिबल म्हणजे लॉगॅरिदम: गुणाकाराच्या जागी बेरीज. दुप्पट म्हणजे ३, दहापट म्हणजे १०, आणि मग वीसपट म्हणजे १३. मघाचं आठपटीचं ९ डेसिबल असंच आलं, तीन वेळा दुप्पट. या दोन आकड्यांवर निम्मे प्रश्न सुटतात.

ओहमचा नियम सूत्र म्हणून पाठ करू नका, एखाद्या खऱ्या रिगवर, म्हणजे हॅमच्या रेडिओ सेटवर, करून पाहा. १०० वॉटची नेहमीची रिग १३.८ व्होल्टवर चालते आणि पूर्ण शक्तीवर साधारण २० अँपियर ओढते. १३.८ गुणिले २० म्हणजे २७६ वॉट आत गेले, बाहेर १०० आले. उरलेले उष्णता होऊन जातात, म्हणून मागे पंखा असतो. आता पॉवर सप्लायपासून येणाऱ्या वायरचा रोध ०.०५ ओहम आहे असं धरा. २० अँपियरला १ व्होल्ट वायरीतच पडला आणि २० वॉट उष्णता त्या वायरीत निघाली. वायर हाताला कोमट लागते ती यामुळे. हे एक उदाहरण दोघींनी आकडे बदलून दहा वेळा सोडवा. प्रवाह निम्मा केला तर उष्णता किती? निम्मी नव्हे, पाव. इथे बहुतेक जण अडखळतात.

अँटेनाचंही तसंच. तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध तोडलेल्या सरळ तारेची अँटेना) तारेत कापताना साधारण ५ टक्के कमी भरतो, म्हणून १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ साठी सुमारे २० मीटर, मधोमध तोडून दोन्ही हात १० मीटरचे. १४.२ साठी त्याच्या बरोबर निम्मा. १४५ ला जवळजवळ एक मीटर. परीक्षेत हे आकडे थोडे फिरवून येतात. गच्चीवर दोरी घेऊन एकदा २० मीटर मोजून पाहा. ७ मेगाहर्ट्झला चाळीस मीटरचा पट्टा का म्हणतात ते मग विसरणार नाही.

लहरी कशा प्रवास करतात, या धड्याला लोक घाबरतात. हा धडा मराठी घरांतल्या जुन्या माणसांना अनुभवाने पाठ आहे. दिवसा मिडीयम वेव्हवर आपलं जवळचं आकाशवाणी केंद्र तेवढं लागायचं, आणि रात्र झाली की काटा फिरवला तर कुठकुठची केंद्रं एकमेकांच्या अंगावर ऐकू यायची. वातावरणाच्या आयनांबरमधला डी थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरांपर्यंत पोचून परत खाली येतात. त्या वरच्या थरांतला एफ थर रात्रीही टिकतो. ७ मेगाहर्ट्झवर रात्री उशिरा पुण्याचा माणूस मुंबईला ऐकू येत नाही पण हजार किलोमीटरवरचा येतो, याला स्किप म्हणतात: लहर जवळच्यांच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरते. आठवडाभर एकच पट्टा सकाळी, दुपारी आणि रात्री दहाला ऐकून वहीत लिहा. मग सूर्यडागांचं ११ वर्षांचं चक्र, क्रांतिक वारंवारता वगैरे शब्द पुस्तकात आले की ते ओळखीचे वाटतील.

सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा (आलेला सिग्नल आतल्या ऑसिलेटरच्या मदतीने एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणणाऱ्या रिसीव्हरचा) एक गणिती प्रश्न मात्र अगदी लेखीच तयार करा. स्टेशन ७१०० किलोहर्ट्झ, मधली वारंवारता ४५५, ऑसिलेटर वरच्या बाजूला म्हणजे ७५५५. मग इमेज, म्हणजे त्याच जागी चुकून ऐकू येणारी दुसरी वारंवारता, कुठे? ७५५५ अधिक ४५५ म्हणजे ८०१०. स्टेशनपासून ४५५ ची दुप्पट. एवढं आलं की झालं. ट्रान्झिस्टर, डायोड, फिल्टर यांचं एक-एक ओळीचं काम सांगता आलं पाहिजे. रिस्ट्रिक्टेडसाठी सर्किट डिझाइन लागत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता नियम. माझी पहिली खेप इथेच बुडाली, म्हणून जरा रेंगाळतो. बाजारातल्या आणि घरोघरी फिरणाऱ्या झेरॉक्स पुस्तिका १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा धरून लिहिलेल्या आहेत. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला. तेव्हा पुस्तिका कोणत्या सालची आहे ते पाहा आणि अभ्यासक्रम विभागाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. प्रश्नसंच पाठ करून भागेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उजळणीला ते चांगले, पण पाठ केलेलं उत्तर जुनं निघालं तर तुम्हाला ते कळणारही नाही, आणि पर्यायांचा क्रम बदलला की पाठांतर गडबडतं.

क्यू कोड, म्हणजे क्यूने सुरू होणारी तीन अक्षरी संक्षेपं, जोडीजोडीने शिका, कारण गोंधळ जोडीतच होतो. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा व्यत्यय, क्यूआरएन म्हणजे निसर्गाचा. मे महिन्यात वळीव येताना ७ मेगाहर्ट्झवर जी कडकड ऐकू येते ती क्यूआरएन. क्यूआरपी म्हणजे शक्ती कमी करा, क्यूआरओ म्हणजे वाढवा. क्यूएसबी म्हणजे सिग्नल चढतोय-उतरतोय. क्यूएसवाय, वारंवारता बदला. प्रश्नचिन्ह लावलं की तोच कोड प्रश्न होतो: क्यूटीएच म्हणजे माझं ठिकाण अमुक, क्यूटीएच प्रश्नचिन्हासह म्हणजे तुमचं ठिकाण कोणतं. घरात दोघी हेच वापरा. लेक शाळेतून उशिरा निघाली तर तिला "क्यूटीएच?" एवढाच मेसेज करा.

ध्वन्यक्षरं, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द, शिकायला रस्ता पुरेसा आहे. कॉलेजला जाताना पुढच्या गाडीची पाटी वाचा. एमएच ११ दिसलं की "माइक होटेल वन वन", मग पुढची अक्षरं. पंधरा दिवसांत अल्फापासून झुलूपर्यंत विचार न करता येईल. मात्र प्रमाण शब्दच वापरा, मनाने "एम फॉर मुंबई" करू नका. प्रश्न प्रमाण यादीवरच असतो आणि हवेवरही परदेशी माणसाला तेच कळतं.

लॉगबुक म्हणजे तुमचा रोजमेळ. तारीख, वेळ, वारंवारता, समोरचा कॉलसाइन, सिग्नलचा अहवाल. वेळ यूटीसीमध्ये लिहायची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री साडेआठ म्हणजे १५०० यूटीसी, इथवर सगळ्यांना येतं. पण १० तारखेच्या पहाटे दोन वाजता बोललात तर लॉगमध्ये ९ तारीख, २०३० लिहावं लागतं. वेळ बदलतात आणि तारीख तशीच ठेवतात, ही चूक मी अनेकांच्या वहीत पाहिलीय. अकाउंटन्सीवाल्या माणसाकडून ती होणार नाही अशी माझी खात्री आहे.

काय बोलायचं नाही, हेही नीट समजून घ्या: धंद्याची बोलणी, गाणी-संगीत, जाहिरात, सांकेतिक भाषेत लपवलेला मजकूर, खोटा संकटसंदेश, कॉलसाइन न सांगता बोलणं. दुसऱ्याचा कानावर पडलेला संदेश बाहेर फोडायचा नाही. संकटाचे तीन दर्जे आहेत आणि तिन्ही शब्द तीनदा उच्चारतात: मेडे हा जिवावरच्या धोक्याला, पॅन पॅन तातडीला, सेक्युरिते सुरक्षेच्या सूचनेला. मेडे ऐकू आलं की आपलं बोलणं तिथल्या तिथे थांबवायचं आणि ऐकत राहायचं. हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू २ आरबीआय, अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम मोहिमेवर होत्या. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, नेहमीचं दळणवळण तुटलं, आणि छंदासाठी उभारलेलं त्यांचं स्टेशन बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधला दुवा झालं. त्या क्षणी नियम शोधायला पुस्तक उघडायला वेळ नसतो. मी शिकवताना हा प्रसंग नियमांच्या पहिल्याच तासाला सांगतो.

आणि मोर्स. वयाचा काही संबंध नाही. साठीत शिकून जनरल झालेली माणसं मी पाहिलीत. ठिपके आणि रेघा कागदावर मांडलेला तक्ता मात्र पाहू नका. मोर्स डोळ्यांनी शिकलेला माणूस आधी मोजतो, मग ओळखतो, तोवर पुढची दोन अक्षरं निघून जातात. अक्षर म्हणजे एक सूर, असं शिका. आपल्याला वृत्तांची सवय आहे हा मोठा फायदा. लघु म्हणजे डि, गुरू म्हणजे डा. शाळेत पाठ केलेलं "यमाताराजभानसलगा" आठवतं? य गण म्हणजे लघु गुरू गुरू: डि-डा-डा, हा डब्ल्यू. म गण डा-डा-डा, ओ. त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस, स गण यू. मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरं आठच आहेत आणि गणही आठच, एकास एक जुळतात. लेकीला मराठीच्या तासाला गण शिकवले असतील तर आठ अक्षरं तिला एका संध्याकाळी येतील. फरक एवढाच की वृत्तात गुरू दोन मात्रांचा, मोर्समध्ये डा तीन डिंचा. तो जरा लांबवून म्हणायचा. आणि ही कुबडी पहिल्या आठवड्यापुरतीच ठेवा, पुढे गण आठवायला थांबलात तर वेग अडकेल.

त्यानंतर कॉख पद्धत धरा: दोनच अक्षरं, पण खऱ्या वेगाने. दहातली नऊ बरोबर यायला लागली की तिसरं घ्या. एलसीडब्ल्यूओ नावाच्या संकेतस्थळावर हा सराव फुकट होतो. अक्षर १५ शब्दांच्या वेगाने वाजू द्या आणि अक्षरांमधली जागा वाढवून एकूण वेग ८ वर आणा. मिनिटाला ८ शब्द म्हणजे एक डि ०.१५ सेकंदाचा; तो तसाच संथ वाजवला तर मन मोजायला लागतं, म्हणून जागा वाढवायची, अक्षर ताणायचं नाही. रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, रविवारी तासभर बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अक्षर चुकलं तर जागा मोकळी सोडा आणि पुढे चला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे मोर्समध्ये अडकले त्यांतले बहुतेक एका हुकलेल्या अक्षराच्या मागे लागून पुढची पाच घालवून बसले होते. पाठवायच्या सरावाला साधी स्ट्रेट की (दाबायची मोर्सची कळ) घ्या, कोपर टेबलावर टेकवा आणि हालचाल मनगटातून होऊ द्या. बोटांनी ठोकलं की पाच मिनिटांत हात भरून येतो. सराव बझरवर करायचा, ट्रान्समीटर नको.

वेळेची वाटणी मी अशी करीन: पहिला महिना ऐकणं, ओहम, डेसिबल आणि पाट्या वाचणं. दुसऱ्या महिन्यात नियम रोज, तंत्र दिवसाआड. तिसऱ्यात एकमेकींचे पेपर घ्या, दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे मांडा, आणि जो भाग मागे असेल त्यालाच उरलेले दिवस द्या. जवळच्या शहरातला हॅम क्लब शोधून एकदा तरी कुणाची तरी शॅक, म्हणजे रेडिओची खोली, पाहून या. परवानाधारकाच्या शेजारी बसून खरा क्यूएसओ, म्हणजे हवेवरचं संभाषण, ऐकलात की पुस्तकातले दहा धडे एका तासात जागेवर बसतात, आणि हॅम मंडळी दारात आलेल्या नवख्याला सहसा चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

पास झाल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र, परवाना नव्हे. परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो २० वर्षांचा किंवा आजीवन घेता येतो, आणि कॉलसाइन त्यावर येतो. तो येईपर्यंत काही आठवडे जातील. तेवढ्यात गच्चीवरच्या अँटेनाची तयारी करा: साध्या तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी १० मीटरपेक्षा हातभर जास्त, कारण लांब तार मोजून छाटता येते, तोकडी पडली तर जोड द्यावा लागतो. विजेच्या तारांपासून लांब राहा, मधला भाग जमेल तेवढा उंच घ्या, आणि पावसाळ्याआधी दोऱ्या नायलॉनच्याच बांधा.